दुसऱ्या क्रमांकाची रॅकेट

शनिवार, 7 मार्च 2020. दुबईच्या एव्हिएशन क्लबमधल्या हार्डकोर्टवर भारत आणि इंडोनेशिया यांच्यातली लढत सुरू होणार होती. फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गटाचा तो शेवटचा दिवस. भारतीय संघात सानिया मिर्झा होती, पहिल्या दोनशेत असलेली अंकिता रैना होती. पण कोर्टवर आधी उतरली ती ऋतुजा भोसले, श्रीरामपूरला जन्मलेली 23 वर्षांची मुलगी.

तिचं नाव आधी पुकारलं गेलं याला कारण होतं स्पर्धेचा नियम. या गटात देश देशाशी भिडतो तेव्हा तीन सामने होतात: दोन एकेरी आणि एक दुहेरी. तीनपैकी दोन जिंकेल त्या देशाची लढत. एकेरीत दोन्ही देशांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडू आधी खेळतात, मग पहिल्या क्रमांकाच्या, आणि शेवटी दुहेरी. म्हणजे देशाचं खातं उघडायचं ते दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूनं. संघातली सर्वांत अनुभवी, नावाजलेली खेळाडू तेव्हा कोर्टाच्या कडेला बसून टाळ्या वाजवत असते.

टेनिस आपण टीव्हीवर पाहतो ते एकट्याचं. एक खेळाडू, एक टॉवेल, समोर एक प्रतिस्पर्धी. प्रशिक्षक असतो तो प्रेक्षकांत, आणि ग्रँड स्लॅममध्ये त्या काळी त्यानं खुणा करणंसुद्धा नियमबाह्य होतं. सांघिक स्पर्धेत हे चित्र पालटतं. तिथे कर्णधार स्वतः न खेळता कोर्टवरच खुर्ची टाकून बसतो. बाजू बदलताना खेळाडू त्याच्या शेजारी येऊन बसते, पाणी पिते, तो तिच्याशी बोलतो. दुबईत भारताच्या खुर्चीत विशाल उप्पल होते. कोणाला एकेरीत उतरवायचं, दुहेरीची जोडी तीच ठेवायची की एकेरीचे निकाल पाहून बदलायची, हे सगळं त्याच खुर्चीत बसून ठरतं.

त्या दिवसाकडे वळण्याआधी थोडं श्रीरामपूरबद्दल सांगायला हवं.

दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर नावाचं स्टेशन लागतं, तेच श्रीरामपूरचं स्टेशन. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि या कोरड्या मुलखात ऊस आला, मोसंबीच्या बागा आल्या, साखर कारखाने आले, बाजारपेठ वाढली. कालव्याच्या पाण्यावर उभं राहिलेलं हे गाव आहे. खेळाच्या नकाशावर ते आलं ते झहीर खानमुळे. त्याचा जन्म इथलाच, 1978 चा. याच जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द हे अजिंक्य रहाणेचं गाव. अहमदनगर जिल्ह्यात (आता तो अहिल्यानगर झाला आहे) क्रिकेटची ही परंपरा कुणालाही सांगता येते. क्रिकेटला मोकळं शेत चालतं, खळं चालतं, शाळेचं पटांगण चालतं. टेनिसला आखलेलं कोर्ट लागतं, जाळी लागते, सतत नवे चेंडू लागतात, आणि रोज समोर उभं राहून चेंडू परतवणारं कुणीतरी लागतं. तालुक्याच्या गावात या चार गोष्टी एकत्र जमणं कठीण. म्हणून इथे जन्मलेल्या मुलीला टेनिससाठी गाव सोडावं लागणार, हे जवळजवळ ठरलेलंच. ऋतुजाचा जन्म 27 मार्च 1996 चा. पुढची घडण पुण्यात झाली, आणि नंतर अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून ती खेळली. विशी उलटण्याआधीच ती भारताच्या फेड कप संघात आली होती.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचं टेनिसही सांघिकच असतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे आपला सामना चालू असताना शेजारच्या कोर्टवर आपलीच सहकारी झगडत असते आणि दोघींचे गुण एकाच फळ्यावर मांडले जातात. आपण हरलो तरी संघ जिंकू शकतो, आणि आपण जिंकलो तरी संघ हरू शकतो, याची सवय तिथे अंगवळणी पडते. एकेकट्यानं स्पर्धा खेळत हिंडणाऱ्याला ही सवय सहसा लागत नाही.

मुळात टेनिसमध्ये देशांच्या लढती आल्या त्या पुरुषांच्या. ड्वाइट डेव्हिस नावाच्या अमेरिकन तरुणानं चांदीचा एक मोठा वाडगा घडवून घेतला आणि 1900 साली बोस्टनच्या लाँगवूड क्रिकेट क्लबवर अमेरिका आणि ब्रिटिश बेटे यांच्यात पहिली लढत झाली. अमेरिकेनं ती 3-0 अशी जिंकली. तोच डेव्हिस कप. भारत त्यात 1921 पासून खेळतो, आणि पहिल्याच वर्षी भारतानं फ्रान्सला हरवलं होतं.

या कपाशी महाराष्ट्राची सर्वांत मोठी गाठ पडली ती 1974 साली. त्या वर्षी विजय आणि आनंद अमृतराज या भावंडांच्या बळावर भारतानं कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि मग पुण्यात सोव्हिएत संघाविरुद्धची उपांत्य लढत 3-1 अशी जिंकली. सोव्हिएत संघात अलेक्स मेत्रेवेली होता, आदल्याच वर्षीच्या विम्बल्डनचा उपविजेता. पुणेकरांनी ती लढत डोळ्यांनी पाहिली. अंतिम लढतीत समोर होता दक्षिण आफ्रिका, आणि तिथल्या वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ भारतानं खेळायलाच नकार दिला. करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. डेव्हिस कपाची अंतिम लढत न होण्याचा तो पहिला प्रसंग. एकट्या खेळाडूला असा नकार देता येतो, नाही असं नाही. पण तो नकार देशाचा ठरायला देशाचा संघच लागतो. त्या पिढीतल्या खेळाडूंच्या वाट्याला आलेली करंडकाची सर्वांत जवळची संधी त्यांनी सोडली. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो, आणि त्याची किंमत खेळाडूंनी मोजली हेही विसरू नये असं वाटतं.

बायकांसाठी असा करंडक यायला फार उशीर झाला. 1934 साली लीला राव यांनी विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव या संस्कृत कवयित्री आणि स्वतःही टेनिसपटू. पण लीलाबाईंना देशाच्या संघातून खेळावं असं वाटलं असतं तरी तशी जागतिक स्पर्धाच नव्हती. ती सुरू झाली 1963 मध्ये, लंडनच्या क्वीन्स क्लबवर. 16 देश आले आणि अमेरिकेनं ऑस्ट्रेलियाला 2-1 असं हरवलं. विजेत्या संघात एकोणीस वर्षांची बिली जीन मॉफिट होती, पुढची बिली जीन किंग. स्पर्धेला आज तिचंच नाव आहे. भारत या स्पर्धेत उतरला तो आणखी उशिरा, 1991 मध्ये.

पुढे स्पर्धा इतकी फुगली की सगळे देश एका मैदानात मावेनात. मग उतरंड आली. वर जागतिक गट, त्याखाली खंडांचे विभाग, विभागात पुन्हा पहिला गट, दुसरा गट. वरच्या पायरीवर जायचं तर आपल्या गटात वरचं स्थान मिळवून प्ले-ऑफची लढत जिंकायची. भारत वर्षानुवर्षं आशिया-ओशनियाच्या पहिल्या गटात अडकला होता, कधी त्याच्याही खाली गेला होता. प्ले-ऑफ भारताच्या मुलींनी कधी पाहिलीच नव्हती.

2020 ची स्पर्धा खरं तर फेब्रुवारीत चीनमधल्या डाँगग्वानला व्हायची होती. जानेवारीत वुहानच्या बातम्या येऊ लागल्या आणि ती कझाकस्तानला हलवली गेली. कझाकस्तानलाही ती नको झाली. शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुबई ठरली. चीन, चिनी तैपेई, दक्षिण कोरिया, उझबेकिस्तान, इंडोनेशिया आणि भारत असे सहा संघ. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, पाच दिवसांत पाच लढती, आणि वरच्या दोघांना प्ले-ऑफ.

हे वेळापत्रक शरीराला फार जड असतं. एरवीच्या स्पर्धेत एकेरी खेळून लगेच दुहेरी खेळायची वेळ आली तर खेळाडू त्या आठवड्यापुरती दुहेरी सोडून देऊ शकते. इथे तसं नाही. अंकितानं एकेरी खेळायची आणि थोड्याच वेळात सानियाबरोबर दुहेरीला उभं राहायचं. अंकिता मूळची अहमदाबादची, पण घडली पुण्यात, हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली. सानिया चार वर्षांनी या स्पर्धेत परतली होती. मुलाच्या जन्मानंतर ती पुन्हा खेळू लागली आणि जानेवारीत होबार्टची दुहेरी जिंकली, त्यानंतरचा हा तिचा संघ. दुहेरीत ही जोडी आशियातल्या कोणालाही भारी पडेल, याविषयी शंका नव्हती. प्रश्न एकेरीचा होता. दोन एकेरींपैकी एक जरी हाती लागली, तरी लढत 1-1 वर दुहेरीला येणार आणि दुहेरी आपली. भारताचं सगळं गणित या एका वाक्यात मावत होतं.

चीनपुढे ते चाललं नाही. ती लढत भारत हरला. मग उझबेकिस्तानला 3-0 असं हरवलं. कोरियाविरुद्ध 2-1, चिनी तैपेईविरुद्ध 2-1. या दोन्ही आकड्यांतला तो एक हरलेला सामना वाचताना नजर त्याच्यावरून सहज घसरते. पण लढत सुरू करण्याचं काम ज्या खेळाडूकडे, तिच्यावर काय येतं याचा विचार करून पाहा. समोरच्या देशाची दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू अनेकदा तिच्यापेक्षा शंभर-दोनशे स्थानांनी वरची. आपण हरण्याची शक्यता जास्त, हे ठाऊक असताना दीड-दोन तास धावायचं आणि मग बाकावर येऊन, चेहऱ्यावर काही न दाखवता, पुढच्या दोघींसाठी ओरडायचं.

शेवटच्या दिवशी इंडोनेशियाविरुद्ध ऋतुजासमोर होती प्रिस्का नुग्रोहो, तिच्याहून खूप लहान, क्रमवारीतही खालची. म्हणजे आज जिंकायची अपेक्षा तिच्याकडून होती. पहिला सेट प्रिस्कानं 6-3 असा घेतला. दुसऱ्यात ऋतुजानं तिला एकही गेम दिला नाही, 6-0. सामना फिरला असं कुणालाही वाटलं असतं. तिसरा सेट पुन्हा 6-3 असा प्रिस्काकडे गेला. भारत 0-1.

आकडे पाहिले तर विचित्र दिसतात. ऋतुजानं त्या सामन्यात एकूण 12 गेम जिंकले आणि प्रिस्कानंही 12 च. गेम बरोबरीत, सामना हातून गेलेला. टेनिसमध्ये गुणांची बेरीज होत नाही, ते कप्प्याकप्प्यांत मोजले जातात. कुठल्या कप्प्यात किती पडले यावर सगळं ठरतं. आणि सांघिक लढत म्हणजे त्या कप्प्यांवर आणखी एक कप्पा.

पुढच्या सामन्यात अंकितानं आल्दिला सुत्जियादीला 6-3, 6-3 असं सरळ हरवलं. 1-1. गणित पुन्हा त्याच वाक्यावर आलं. दुहेरीला सानिया आणि अंकिता, समोर आल्दिला आणि तीच प्रिस्का. पहिला सेट टायब्रेकपर्यंत ताणला गेला आणि भारतानं तो 7-6 असा घेतला. दुसरा 6-0. आदल्या तिसऱ्या सेटमध्ये जिद्दीनं उभी राहिलेली प्रिस्का आता दिवसातला पाचवा सेट खेळत होती. ऋतुजानं तिला तीन सेट पळवलं नसतं तर शेवटचा सेट इतका सोपा गेला असता का? याला पुरावा देता येणार नाही. पण टेनिस खेळलेल्या कुणालाही विचारा, तिसऱ्या सेटनंतरच्या दुहेरीत पाय कसे होतात ते. माझ्या लेखी त्या 6-0 मध्ये आधीच्या पराभवाचाही वाटा आहे.

पाचपैकी चार लढती जिंकून भारत चीनपाठोपाठ दुसरा आला. इतिहासात पहिल्यांदाच भारतीय महिला प्ले-ऑफला पोचल्या.

त्या विजयाचा आनंद जेमतेम दोन दिवस टिकला असेल. 9 मार्चला महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले. ते दुबईहून परतलेले प्रवासी होते. 11 तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली आणि त्याच आठवड्यात जगभरचं व्यावसायिक टेनिस थांबलं. ज्या बातमीवर एरवी चार दिवस लेख आले असते, ती वर्तमानपत्रांतून वाहून गेली. काही महिन्यांनी सानियाला त्या स्पर्धेसाठी फेड कपचा हार्ट पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली भारतीय. सप्टेंबरमध्ये स्पर्धेचं नावच बदलून बिली जीन किंग कप झालं. म्हणजे भारतानं जी पायरी चढली ती फेड कपाची, आणि पुढची लढत झाली तेव्हा दारावरची पाटी निराळी होती.

ती लढत व्हायला एप्रिल 2021 उजाडला. लाटवियात, युर्माला गावी, बंदिस्त हार्डकोर्टवर. प्ले-ऑफमध्ये यजमान देश कोर्ट निवडतो. लाटवियानं आपल्याला हवं ते निवडलं. त्यांच्याकडे फ्रेंच ओपन जिंकलेली येलेना ओस्टापेंको होती आणि अनास्तासिया सेवास्तोवा होती. पण भारताला खरा फटका बसला तो लढतीच्या रचनेचा, असं मला वाटतं. इथे तीन नव्हे, पाच सामने. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी परतीच्या दोन एकेरी, आणि दुहेरी सगळ्यांत शेवटी. दुबईत दुहेरी हा तीनातला एक आणि निर्णायक सामना होता. युर्मालात तो पाचातला पाचवा. तिथपर्यंत लढत जिवंत ठेवायला चारपैकी दोन एकेरी जिंकायला हव्या होत्या. पहिल्या दिवशी अंकितानं ओस्टापेंकोला तीन सेटपर्यंत झुंजवलं, पण दिवस संपला 0-2 वर. भारत ती लढत 1-3 अशी हरला. निकाल एकेरीतच लागला. खेळाडू जवळजवळ त्याच होत्या. सामन्यांची संख्या आणि क्रम बदलला आणि भारताचं बलस्थान मागे ढकललं गेलं. ही स्पर्धा कशी चालते हे कुणाला समजून घ्यायचं असेल, तर दुबई आणि युर्माला या दोन लढती शेजारी ठेवून पाहाव्यात.

ऋतुजा त्यानंतरही संघात येत राहिली. 2022 ला अंताल्या, 2023 ला ताश्कंद, 2024 ला छांगशा. मधल्या काळात तिचं नाव घराघरांत पोचलं ते दुसऱ्याच स्पर्धेनं. 30 सप्टेंबर 2023 ला हांगझोउच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर तिनं मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. समोर चिनी तैपेईची लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ ही जोडी होती. पहिला सेट 2-6 असा गेला, दुसरा 6-3, आणि निर्णायक सुपर टायब्रेक 10-4. 43 वर्षांच्या बोपण्णाशेजारी तिला उभं पाहताना मला तरी दुबईच आठवत होती. पहिला सेट हरल्यावर चेहरा न पाडता पुढच्या गुणाला उभं राहण्याची सवय तिथेही उपयोगी पडली असणार.

एप्रिल 2025 मध्ये बिली जीन किंग कपाचा हा गट महाराष्ट्रातच आला, पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. 8 ते 12 एप्रिल, पुन्हा सहा संघ, पुन्हा पाच दिवसांत पाच लढती. कर्णधाराच्या खुर्चीत उप्पलच होते, प्रशिक्षक पुण्याच्या राधिका कानिटकर. अंकिता होती, बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती. सानिया निवृत्त झाली होती, ऋतुजा या संघात नव्हती. न्यूझीलंडकडून भारत हरला आणि बाकी चारही लढती जिंकून, शेवटच्या दिवशी कोरियाला 2-1 असं हरवून दुसरा आला. पाच वर्षांनी पुन्हा प्ले-ऑफ.

आणि या वेळी दर दिवशी लढत उघडायला, दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर, श्रीवल्ली भामिदिपाती उतरत होती. पाचही दिवस ती आधी खेळली, आणि पाचही सामने तिनं जिंकले.